नोकरी गडचिरोलीत, घर चंद्रपुरात

घरं विकायला लागले तेव्हा मी सगळ्यांना सगळं विकत होते. फ्लॅट, प्लॉट, बंगले, दुकानगाळे, जे असेल ते. फेसबुकवर जाहिरात टाकली की फोन यायचे, पण कसले! कोणी नुसता भाव विचारून ठेवून द्यायचा, कोणी "ताई, जेवल्या काय?" म्हणायचा. सहा महिने मी डोकं पिकवून घेतलं.

मग लक्षात आलं, खरे फोन एकाच प्रकारच्या माणसांचे येतात. नोकरी गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेड्याला नाहीतर अहेरीच्याही पुढे, आणि घरची माणसं चंद्रपुरात भाड्याच्या खोलीत. शिक्षक, नर्सबाई, वनरक्षक. सुटीला यायचं आणि सोमवारी पहाटेची बस पकडायची. मी ठरवलं, आता फक्त यांच्याशीच बोलायचं. यांचा अभ्यास मला करावा लागला नाही. माझा नवराच त्यातला. अहेरीच्या पुढे एका गावात शाळेवर आहे, नऊ वर्षं झाली. मी इथे चंद्रपुरात.

माझे व्हिडिओ रोज स्टेटसला, एका मिनिटाचे, कारण तिकडे रेंज कुठे असते? नवरा संध्याकाळी तलावाच्या पाळीवर जाऊन उभा राहतो तेव्हा कुठे दोन दांड्या येतात. फॉल्स सीलिंग वगैरे मी दाखवतच नाही. नळ सोडून दाखवते. कूलर कोणत्या खिडकीत बसेल ते दाखवते, बसस्टँडवर पायी किती वेळात पोचता ते सांगते, आणि शेवटी स्वतः दारात उभी राहून बोलते. लोक म्हणायचे, "बाई, तुमी बोलता त घरचंच कोणी बोलावून राह्यलं असं वाटते." वाटणारच. मी एकालाच बोलावत होते. बाकीच्यांना ते फुकट ऐकू यायचं.

यंदा जिल्हा बदलून मागायचे अर्ज निघाले. नवऱ्याचा नंबर नक्की लागेल असं त्याच्या शाळेतले सगळे म्हणत होते. मी लगेच एक घर हेरून ठेवलं. दोन खोल्या, ओटा उजेडात, मागे कपडे वाळवायला जागा. घरमालक म्हातारे, त्यांना हात जोडले, "भाऊ, दिवाळीपर्यंत कोणाले दाखवू नका." त्या घराचा व्हिडिओ मी काढला नाही. ते मला कोणाला विकायचंच नव्हतं.

दिवाळीत तो आला. त्याला घेऊन गेले. सगळं फिरून पाहिलं आणि म्हणाला, "मस्त हाये." घ्यायचं नसलेलं गिऱ्हाईक कसं म्हणतं ते मला पाठ आहे.

"अर्ज भरला न?"

"नाई."

माझं डोकंच सणकलं. "नऊ वर्षं वाट पाहून राह्यली मी! अन् तुमी अर्जच नाई भरला? काऊन?"

तो खिडकीचा कडी-कोयंडा पाहत राहिला. मग म्हणाला, "तुह्या घरी मले ग्लास कुठी हाये ते विचारा लागते. तिथी गावात नाई विचारा लागत."

खरं होतं. ग्लास मी माझ्या सोयीने ठेवलेत, कपाट मी माझ्या सोयीने लावलंय. तो महिन्यातून दोन दिवस येतो आणि तो गेला की मी त्याची उशी पेटीत टाकते.

गिऱ्हाइकाला घर दाखवण्याआधी मी अर्धा तास विचारत बसते, तिकडे दिवस कसा जातो, चहा कुठे बसून पिता. याला एकदाही विचारलं नव्हतं. त्या रिकाम्या घरात, ओट्याला टेकून, मी विचारलं. तो सांगत सुटला. सकाळी दूध कोण आणून देतं, संध्याकाळी कोणाच्या अंगणात बसतो, बाजाराला अहेरीला कोणाच्या गाडीवर जातो. इतकं बोलताना मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. मला हेवा वाटला, सरळ सांगते. त्या गावाचा हेवा.

"अन् मी? माही आठवण नाई येत काय?"

"येते न. पण तू त रोजच दिसते व्हिडिओत," तो म्हणाला. आणि हे अगदी प्रेमानं म्हणाला हो!

म्हणजे केलं मीच. ज्या व्हिडिओंनी मी किती जणांना घरी आणलं, त्यांच्याच जोरावर माझा माणूस तिकडे सुखात राहत होता.

तो परत गेला आणि मी व्हिडिओ बंद केले. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "आज बी नाई टाकला?"

"पाह्याचं असन त या घरी," म्हटलं आणि फोन आपटला.

आठवडा काढला कसाबसा. धंदा बसला तर बसू दे. पण संध्याकाळ झाली की तो तलावाच्या पाळीवर फोन वर धरून उभा असेल, हेच डोळ्यांसमोर येई, आणि जीव नुसता तुटायचा. शेवटी राहवलं नाही. म्हाताऱ्या मालकांकडून किल्ली घेतली, त्याच घरात गेले आणि व्हिडिओ काढला. दारात उभी राहून "या" म्हटलं. स्टेटसला टाकला. पाच मिनिटांत पाहणाऱ्यांत त्याचं नाव आलं, सगळ्यांच्या आधी.

मग एका नर्सबाईंचा फोन आला. हे घर अजून आहे काय, विचारत होत्या.

आहे, म्हटलं, या पाहायला.