कवळीवाल्यांचं ऑइल

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. तोंडातले सगळे दात स्वतःचे, तरी नाव कवळीवाले. त्याचं त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. मनावर घ्यायला त्यांना दुसऱ्या पुष्कळ गोष्टी सापडत.

आधी ते छापखान्यात गठ्ठे बांधत. छापखाना बंद पडला. मग बुटांच्या दुकानात लागले, पण गिऱ्हाइकाला "हा तुम्हाला चावेल" असं खरं सांगून टाकायची खोड असल्यामुळे तिथे फार टिकले नाहीत. पुढे दातांच्या लॅबमधल्या मॅडमनी त्यांना एकच प्रश्न विचारला, "मोटारसायकल आहे का?" होती. जुनी, पण चालती. तेव्हापासून कवळ्यांचे डबे पिशवीत घालून गावभरच्या दवाखान्यांत पोचवायचे, हे त्यांचं काम. नोकरी खरी गाडीला होती, हे वर बसायचे एवढंच. इंजिन गेलं की आपण गेलो, हे त्यांना पक्कं कळत होतं. बाकी काहीच पक्कं कळत नव्हतं.

इंजिनातलं ऑइल किती दिवसांनी बदलायचं, हा साधा प्रश्न. गॅरेजवाला म्हणाला, काळं झालं की बदला. पेट्रोल पंपावरचा म्हणाला, काळं होतं म्हणजे ते घाण धुतंय, त्याला काम करू द्या. लॅबमधला दात घासून गुळगुळीत करणारा कारागीर म्हणाला, महिने मोजा, किलोमीटर मोजू नका. गाडीबरोबर आलेली पुस्तिका म्हणत होती, किलोमीटरच मोजा. तिच्यात दोन रकाने होते, एक साध्या वापरासाठी, एक कठीण वापरासाठी. जवळजवळच्या खेपा, धूळ, सारखं थांबणं म्हणजे कठीण वापर. तेव्हा ऑइल लवकर बदलायचं.

"आपला वापर कठीण म्हणायचा का गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तुमचं सगळंच कठीण," ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "एक काय ते ठरवा आणि हात धुवा."

ठरवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मग त्यांनी रोज मोजायला सुरुवात केली. सकाळी निघण्याआधी गाडी साइड स्टँडवर असायची, त्यांच्या कंबरेला डबल स्टँड झेपत नसे. इंजिनाच्या उजव्या बाजूची तेल मोजायची कांडी काढायची, पुसायची, भोकात टेकवून पाहायची. ऑइल कमीच दिसायचं. ते थोडं ओतायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी. पुन्हा ओतायचे. खाली थेंब नाही, मागून धूर नाही, मग जातंय कुठे?

"इंजिन ऑइल खातंय," गॅरेजवाला तोंडातला स्क्रू बाजूला सारून म्हणाला. "म्हातारपण. आहे तोवर विका."

कवळीवाल्यांची झोप उडाली. विकायची तर नोकरी गेली. ठेवायची तर कधीतरी रस्त्यातच बंद पडणार, पिशवीत कोणाचे तरी दात आणि तिकडे तो माणूस दवाखान्यात बोळकं उघडून बसलेला. शेवटी, मॅडमना काही न सांगता, त्यांनी एक गिऱ्हाईक बघितलं. तो संध्याकाळी येणार होता. त्याला त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "इंजिन तेल खातं बरं का." खोड जात नाही.

त्या दुपारी जेवून ते आडवे झाले, पण डोळा लागेना. गाडीवरून शेवटचा हात फिरवावा म्हणून खाली आले, तर गाडीशेजारी त्यांचे सासरे उकिडवे बसलेले. इंजिनाखालचा नट सैल केलेला, आणि ऑइलची बारीक धार एका पत्र्याच्या डब्यात पडत होती.

सासरे त्यांच्याकडेच राहायचे. आयुष्यभर एका इस्पितळाच्या जनरेटरवर काम केलेला माणूस, हाताला स्वस्थता नाही. पण जावयाच्या घरी राहायचं म्हणून श्वासही मोजून घेणारे. दोघांचं बोलणं "जेवलात?" आणि "जेवलो" यापलीकडे फारसं जात नसे.

"बाबा! हे काय करताय?"

सासऱ्यांनी आधी नट घट्ट केला, मग वर पाहिलं. "जावईबापू, तुम्ही फार भरता. रोज बघतो मी. जास्त ऑइलनं सील फुटतात. म्हणून थोडं काढून ठेवतो."

"रोज?"

"तुम्ही झोपलात की."

"अहो, पण मला सांगायचं ना!"

"जावयाला कसं सांगायचं?"

कवळीवाले मटकन पायरीवर बसले. इंजिन खात नव्हतं तर. पण मग सकाळी कमी का दिसायचं? आणि यांना जास्त का? आवाज ऐकून बायको खाली आली, तिनं दोघांना आपापल्या पद्धतीनं मोजून दाखवायला लावलं. नवऱ्यानं कलत्या गाडीत कांडी टेकवली. कमी. वडिलांनी मुलीला सीटवर बसवून गाडी सरळ धरायला लावली आणि कांडी आटे फिरवून पार आत बसवली. जास्त.

"पुस्तिकेत काय लिहिलंय?" ती म्हणाली.

लिहिलं होतं, गाडी सरळ, कांडी नुसती टेकवलेली. गाडी सरळच होती. कांडी टेकवली. ऑइल दोन खुणांच्या बरोबर मधोमध.

 चुकणारे दोघे, आणि ऑइल बरोबर! मग बरोबर कोणामुळे?

"म्हणजे मी थांबलो असतो तर..." कवळीवाले म्हणाले.

"बाबांनी इंजिन कोरडं केलं असतं."

"आणि मी थांबलो असतो," सासरे म्हणाले, "तर यांनी बुडवलं असतं."

"तर आता दोघंही थांबा," बायको सीटवरून उतरत म्हणाली. "एकदम. आजपासून."

इतक्यात गिऱ्हाईक ठरल्यापेक्षा लवकरच स्कूटरवरून आलं. कवळीवाल्यांनी हात जोडले. "माफ करा, विकायची नाही. इंजिन तेल खात नाही."

"मग कोण खातं?"

"कोणीच नाही. म्हणजे घरातलंच आहे."

माणूस गोंधळला, पण गाडीवर त्याचं मन बसलं होतं. इंजिनावर टिचकी मारून म्हणाला, "चांगलंच आहे की. भाव वाढवून देतो. ऑइल शेवटचं कधी बदललंय, तेवढं सांगा."

कवळीवाल्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. रोज थोडं नवं आत, रोज थोडं जुनं बाहेर. बदललं म्हणावं तर कधी, नाही म्हणावं तर आतलं कोणतं? खरं सांगायचं तर खरं काय, हेच त्यांना पहिल्यांदा समजेना.

"रोज," सासरे म्हणाले. जावयाकडे आलेल्या माणसाशी ते आजवर कधी बोलले नव्हते.

माणसानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, स्कूटर वळवली आणि गेला.

"बाबा," कवळीवाले थोड्या वेळानं म्हणाले, "मग आता पुढचं कधी बदलायचं?"

सासरे डब्याचं झाकण लावत पुष्कळ विचार करत राहिले.