मुलगी हवाली केली

नवऱ्याने दुसरं लग्न केलं, मला माहेरी भावाकडे पाठवून दिलं आणि चार वर्षांची मुलगी ठेवून घेतली. ती त्याच्याकडेच राहणार हे वकिलांनी मला आधीच सांगितलं होतं. त्या काळी कायदा बापाच्या बाजूचा. मी मागितलं होतं ते एवढंच, की महिन्यातून एकदा मला माझ्या लेकीला भेटू द्या. त्यासाठी दोन वर्षं सोलापूरच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, वहिनीची बोलणी खाल्ली, आणि शेवटी हुकूम निघाला. मी आळीत पेढे वाटले. सरकारी शिक्का बसला म्हणजे मुलगी मांडीवर आली, असं समजणारी मी एक वेडीच.

हुकूम बजावायला कोर्टाचा बेलीफ माझ्याबरोबर आला. नवऱ्याच्या दारात उभं राहून त्याने कागद वाचला. त्यात होतं, ‘मुलगी आईस दाखवावी.’ नवरा एका वकिलाकडे कारकून. शब्दांचा कीस पाडण्यातच त्याची हयात गेलेली. “दाखवतो की,” म्हणाला आणि वर गेला. माडीच्या खिडकीत त्याने मुलीला उचलून धरलं. पुढचा एक दात पडलेला, गाल भरलेले. मी खालून हाका मारत होते आणि ती रस्त्यावरच्या टांग्याच्या घोड्याकडे बघत होती. तेवढ्यात खिडकी लागली. बेलीफाने ‘हुकूम बजावला’ असं लिहिलं आणि तो पान खायला गेला.

वकील म्हणाले, मूळ इंग्रजीत शब्द बरा होता, मराठी करताना घोळ झाला. त्या घोळापायी पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. अखेर नवा हुकूम झाला: महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मुलगी सिद्धेश्वराच्या देवळात आईच्या हवाली करावी, आणि संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की परत न्यावी. आता या शब्दातून तो कसा निसटतो ते बघू, असं मी मनात म्हटलं.

त्या मंगळवारी मी लाडू घेऊन दुपारपासून ओवरीत बसले होते. बेलीफ एका मुलीचा हात धरून आला. अंगावर परकर माझ्या मुलीचा, मीच शिवलेला. आतली मुलगी दुसरीच. वय तेवढंच, पण सुकलेली, ओठ फुटलेले, केसांत उवा.

“ही माझी मुलगी नव्हे,” मी म्हणाले.

“बाई, बापानं दिली ती मी आणली,” बेलीफ म्हणाला. “पोरगी हवाली करायची एवढंच माजं काम हाय. कुणाची हाय ते वळखायचं न्हाय.”

मी तिथे आकांडतांडव केलं. माणसं जमली. ती पोरगी घाबरून रडायला लागली, तशी मी तिला बेलीफाकडे ढकलली आणि घेऊन जा म्हणाले. त्याने शांतपणे लिहिलं, ‘मुलगी हवाली केली असता आईने घेण्यास नकार दिला.’

वकिलांनी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. पुन्हा नकार दिलात तर हुकूमच रद्द होईल, म्हणाले. मुलगी ती नव्हे हे सिद्ध करायला परका साक्षीदार हवा. भावाचं कोण ऐकतो? आमच्यासारख्यांच्या घरी मुलांचे फोटो कुठले. मी नवऱ्याच्या शेजारणींकडे गेले. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू आणून देणाऱ्या त्या बायका. एकीनेही दार पुरतं उघडलं नाही.

“मग काय, दुसऱ्याची पोर घेऊन बसू?” मी वकिलांना विचारलं.

“बसा,” ते म्हणाले. “हुकूम जिवंत राहिला पाहिजे.”

पुढच्या महिन्याच्या मंगळवारी मी त्या पोरीला घेऊन बसले. नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोची ती भाची, करमाळ्याकडची. आई मेलेली, म्हणून मावशीकडे धुण्याभांड्याला आणलेली. तिच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवून आले होते, पण राहवेना.

“ती कुठे आहे?”

“माडीवर. आज कडी लावत्यात.”

“रडते का?”

“न्हाय की. भातुकली खेळती.”

रडत नाही हे ऐकून मला बरं वाटलं आणि जिवाची आगही झाली. भोंगा होईपर्यंत मी तिला विचारत राहिले. काय जेवते, कुणाजवळ निजते, नवा दात आला का. ती लाडू खात एकेक सांगत होती. माझ्या लेकीची खबर या जगात मला तेवढ्याच एका तोंडातून मिळत होती.

असे महिने गेले. हात रिकामे ठेवून बसवत नाही, म्हणून मी तिच्या उवा काढायची, वेणी घालायची, ओठांना लोणी लावायची. तिचा मला राग यायचा. तिच्या जागी जी असायला हवी होती ती माडीवर कोंडलेली, आणि ही माझ्या हातचं खाऊन बाळसं धरत होती. पुढे पुढे ती देवळाच्या दारातूनच बेलीफाचा हात सोडून पळत यायला लागली. एकदा तिने मला आई म्हटलं. “मला आई म्हणायचं नाही,” मी फाडकन म्हणाले. त्यानंतर तिने मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही.

एका मंगळवारी ती सहज बोलून गेली, “ती आता साळंत जाती. मुलींच्या.”

मी तशीच वकिलांकडे गेले. त्यांचा चेहरा उजळला. शाळेच्या बाई मुलीला रोज बघतात, त्या परक्या, त्यांची साक्ष कोर्ट मानेल. बाईंना समन्स काढायचा अर्ज त्यांनी दुसऱ्याच दिवशी दिला. नवऱ्याचं बसणं-उठणं कोर्टातच; त्याला वास लागायला वेळ लागला नाही.

पुढच्या महिन्याच्या मंगळवारी बेलीफाबरोबर माझी मुलगी आली. माझीच. दात आलेला, दोन वेण्या, उंची वाढलेली. मी हात पसरले. ती खांबाला टेकून उभी राहिली आणि पाहुण्याबाईंकडे बघावं तसं माझ्याकडे बघू लागली.

“ती आज नाही येणार,” ती म्हणाली. “तिला गावाला पाठवलं. खूप रडत होती.”

“कोण गं?”

“तुमची मुलगी. तुम्ही तिच्या आई ना? ती मला रोज निजताना सांगायची, माझी आई देवळात येते, लाडू आणते, माझी वेणी घालते.”

मी तिला जवळ ओढलं. “अगं, तिची नव्हे. मी तुझी आई आहे.”

तिने अंग चोरलं नाही. उलट मी काही विसरले असेन आणि मला आठवण करून द्यायला हवी, अशा समजुतीच्या आवाजात ती म्हणाली, “माझी आई देवाघरी गेली. तुम्ही तिच्या.” मी पुन्हा सांगितलं. तिनेही पुन्हा तेच सांगितलं. भोंगा होईपर्यंत मी सांगत राहिले आणि ती मला समजावत राहिली.