खंडेनवमीचा लॅपटॉप

"सर, मी तर याले हातही नाही लावला," वैशाली मेश्राम म्हणाली आणि लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. दसऱ्यानंतर ऑफिस उघडलं, ती सकाळ. स्क्रीनच्या मधोमध शाई सांडल्यासारखा काळा डाग आणि त्यातून निघालेल्या रंगीत रेघा.

सदर भागातल्या एका खासगी कंपनीत मी आयटी सपोर्ट बघतो. म्हणजे कोणाचं काहीही बंद पडलं की बोलणी मी खायची. वैशाली कोराडीहून बसनं यायची. कॉन्ट्रॅक्टवर होती आणि त्याच महिन्यात तिचं कन्फर्मेशन व्हायचं होतं. घरात कमावणारी ती एकटी. 

फुटलेली स्क्रीन आली की मी आधी लॅपटॉप बाहेरून बघतो. पडला असेल तर कोपरा चेपतो, कडेची पट्टी उचकटते. इथे बाहेर ओरखडासुद्धा नव्हता. आतली काच मात्र एका बिंदूपासून चहूकडे तडकली होती. झाकण लावताना मध्ये काहीतरी कडक राहिलं आणि वरून दाब आला की असं होतं. ही काच पापडासारखी पातळ असते. पेन, इअरफोन, काहीही पुरतं. कीबोर्ड बघितला, तर त्या बिंदूच्या बरोबर समोर एका बटनावर कुंकवानं चिकटलेला तांदळाचा दाणा होता.

मग सगळा उलगडा झाला. खंडेनवमीला आमच्याकडे लॅपटॉपची पूजा होते. आमच्या ऑफिसच्या मुख्य साहेबांना ते उघडे आणि सुरू लागतात, फोटो चांगला येतो. वैशाली त्या दिवशी रजेवर होती. दीक्षाभूमीवर जायला गावाकडचे नातेवाईक आले होते, घर भरलं होतं. रजेवर जाताना तिनं ऑफिसातच ठेवलेला लॅपटॉप तिच्या टेबलावरून उचलून रांगेत मांडला गेला. साहेबांनी मुठी भरभरून अक्षता टाकल्या. मी म्हटलं, बंद करायच्या आधी दाणे झाडून घेऊ. साहेब म्हणाले, पूजेच्या अक्षता दसऱ्यापर्यंत काढायच्या नसतात. आणि त्यांनी स्वतः एकेक झाकण लावत नेलं. मग सगळ्या लॅपटॉपची चळत कपाटात गेली. तिचा सगळ्यात खाली होता.

हे सगळं मी रिपोर्टमध्ये लिहिलं. शेवटी लिहिलं की वापरणाऱ्याची चूक नाही. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"बोरकर, तुम्ही देवाले दोष देऊन राहिले का?"

"देवाला नाही, साहेब. लॅपटॉप आपल्याच कपाटात होता."

"रोज बसमधून आणते ती. तिथंच दबला असन."

मी पुन्हा काचेचं सांगायला लागलो. त्यांनी फोन उचलला. असला रिपोर्ट हेड ऑफिसला गेला तर लोक हसतील, एवढं मात्र मी निघताना त्यांनी ऐकवलं. एचआरनं वैशालीच्या नावावर निष्काळजीपणा लावला. कन्फर्मेशन थांबलं आणि कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर पुढे वाढलंच नाही.

शेवटच्या दिवशी आयकार्ड जमा करून ती माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, तुम्ही तर खरं लिहिलं होतं. मंग कोणी वाचलं काहून नाही?"  ती गेली. तिच्या लॅपटॉपला मी नवीन स्क्रीन बसवली, आता तो दुसऱ्या मुलीकडे आहे.

यावर कंपनीनं केलं काय, तर सगळ्यांना ट्रेनिंग. शिकवायचं मीच. मी सांगितलं, झाकण लावण्याआधी कीबोर्डवरून हात फिरवा. झाकण एका कोपऱ्याला धरून ओढू नका, मधोमध धरा. बंद लॅपटॉपवर वजन ठेवू नका. साहेब पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते.

"इतकं सोपं आहे," ते मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "तर त्या पोरीनं काहून नाही केलं?"

हॉलमधले सगळे त्या पूजेला हजर होते. प्रत्येकानं पेढा खाल्ला होता. 

"ती रजेवर होती, साहेब," मी माइकमध्येच म्हणालो. "झाकण तुम्ही लावलं होतं."

साहेब चिडले नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, "तेच तर म्हणून राहिलो, बोरकर. पूजेले थांबाले पाहिजे होतं तिनं."

मी पुढची स्लाइड लावली. स्क्रीन नेहमी मऊ कापडानं पुसावी, असं तिच्यावर होतं.