घोंगड्याचा वास

बदली होऊन पालमला राहायला आलो, तेव्हा मला तिथं कुणी ओळखत नव्हतं. पहाटे धुक्यातून फाट्यावर बस धरायला जायचो. वाटेतल्या वावरात मेंढ्या बसलेल्या असायच्या. त्यांचं कुत्रं रोज माझ्यावर भुंकायचं. म्हातारा मेंढपाळ नुसता बघत राहायचा.

एकदा एक मेंढी कळपापासून लांब उभी दिसली. नवीच आणलेली; जवळ गेली की बाकीच्या तिला ढुशी मारायच्या. म्हाताऱ्यानं अंगावरचं घोंगडं काढलं, सावकाश साऱ्या कळपाच्या पाठींवरून फिरवलं आणि तिच्यावर पांघरलं.

मी थबकलो. तो म्हणाला, "जनावर त्वांड न्हाई बघत, वास बघतंय. समद्यांचा वास लागला की ती आमचीच." मग मला निरखत म्हणाला, "तुमी बी नवेच दिसायलाव. बसा की."

बस येईपर्यंत तेच घोंगडं त्यानं माझ्या खांद्यावर, स्वेटरवरून टाकलं. उबदार, उग्र. धुकं कुठं संपतं आणि मेंढ्या कुठं सुरू होतात, कळेना.

ऑफिसात सगळ्यांनी नाकं मुरडली. स्वेटर मी मुद्दाम धुतला नाही.

दुसऱ्या पहाटे कुत्रं उठलं, मला हुंगलं आणि गुपचूप फाट्यापर्यंत सोबत आलं.