कट्यारीनं सोललेली वायर

अमरावतीत मी शूटिंगचे लाइट दुरुस्त करतो. लग्नाचे व्हिडिओवाले, कोचिंग क्लासचे धडे चित्रित करणारे, सगळे माझ्याकडे येतात, आणि येण्याआधी प्रत्येकाने लाइटला दोनचार थापडा मारलेल्या असतात. दोष बहुतेक वेळा एकाच जागी सापडतो: वायर जिथे लाइटच्या पोटात शिरते, तिथे. वाकून वाकून आतली तार तुटते, वरचं प्लास्टिक मात्र साळसूद राहतं. हे मी सांगतो, लोक मान डोलावतात आणि प्लग बदलून मागतात.

अकोल्याला माझं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी नातेवाइकांत सांगून टाकलं की जावई फिल्म लाइनमध्ये आहे. अगदी खोटं नव्हतं. पण त्यांच्या नात्यात वकील आणि प्राध्यापकांची रास. त्यात वायरमन कुठे बसवणार? लग्नाच्या दिवशी ते माझ्या कानाशी आले. "जवाईबापू, आज कोणत्याच वायरले हात लावू नका. बस, नवरदेव राहा." मला राग आला. पण नवरदेवाला रागावण्याची सोय फक्त मानपानापुरती असते.

संध्याकाळी बोहल्यावर उभा राहिलो. आमच्याकडे नवरदेवाच्या हाती कट्यार असते, टोकाला लिंबू खोचलेलं, नजर लागू नये म्हणून. तेवढ्यात शूटिंगवाल्याचा मोठा लाइट लुकलुकू लागला. स्टँड हलला की लुकलुक, स्थिर झाला की ठीक. दोष मला उभ्या जागेवरून कळला होता, पण मनाई होती. मग बाकीच्यांनी इलाज सुरू केले. एका काकांनी थाप मारली. एक मावशी म्हणाल्या, मीठ-मोहऱ्या ओवाळा. नवरीचे मामा सगळ्यांत हुशार. "प्लगच खराब हाय," म्हणत त्यांनी तो कापून फेकला आणि उघड्या तारा काडीपेटीच्या काड्यांनी बोर्डात खोचल्या. लाइट झकास लागला. लोक मामांकडे आदराने पाहू लागले. अर्थिंगची तिसरी तार नुसतीच लोंबत होती, तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

अंतरपाट धरला. भटजी घसा खाकरत होते तोच पलीकडून नवरी ओरडली, "आई वं! हा स्टँड करंट मारून रायला ना!"

मी अंतरपाट बाजूला सारून धावलो. मुहूर्ताआधी नवरीचं तोंड पाहू नये हे मला ठाऊक आहे. मी बोर्ड पाहिला. बटण बंद केलं. ती सुखरूप होती. तुटकी तार आतून लाइटच्या पत्र्याला टेकली होती आणि अर्थिंग नसल्याने करंट स्टँडवर उतरला होता. आता कसली मनाई! लिंबू काढून भटजींच्या हाती दिलं. त्या कट्यारीला लिंबू चिरण्याइतकीही धार नव्हती, पण वायर सोलण्यापुरती निघाली. तुटका भाग काढला, नवी टोकं जोडली, शूटिंगवाल्याकडचा दुसरा प्लग लावून अर्थिंग जागेवर बसवली. मुंडावळ्या सारख्या डोळ्यांत येत होत्या.

"फिल्म लाइनवाल्याले हे बी येते?" एका वकील काकांनी मोठ्याने विचारलं. सासरे उठून कुठेतरी निघून गेले. माणसाने एवढी जपलेली अब्रू मी भर मांडवात उघडी पाडली होती.

लग्न लागलं. पुढे व्हिडिओ हाती आला. उजेड असा की अक्षतांचा दाणा न् दाणा दिसतो. मामा तर जिथे तिथे. मंगलाष्टकांत फक्त सासरे कुठेच दिसेनात.

"तुझे बाबा रुसलेच शेवटी," मी बायकोला म्हटलं.

"रुसले कायचे! मंगलाष्टकं होतपर्यंत बोर्डापाशी पहारा देत उभे होते. मावशीनं सांगतलं मले. जो येईन त्याले म्हणत, हात लावू नका, माहा जवाई वायरमन हाय, त्याले इचारा पयले."