पास होईपर्यंत

आमच्या घराण्यात एकदा सोडलेला संकल्प आजवर कोणीही मोडलेला नाही. हे वाक्य माझे काका म्हणत, आणि म्हणताना पाठ ताठ करत. तंजावरच्या दरबाराच्या मागोमाग तीनशे वर्षांपूर्वी जी माणसं इकडे तमिळ मुलखात आली त्यांच्यातले आम्ही, तेव्हा पुराव्यासाठी काळ पुष्कळ होता. पण मोडलेला संकल्प कोणी लिहून ठेवत नाही, आणि न मोडलेल्यांतला एकही काकांना नेमका आठवत नसे.

मी तेव्हा बारावीत होते. डिसेंबरच्या परीक्षेत बाकी विषयांत बरी होते, तमिळमध्ये तर वर्गात दुसरी. गणितात नापास. गणित मला अजिबात येत नव्हतं असं नाही. घरी वहीत येत असे. परीक्षेच्या वर्गात प्रश्नपत्रिका हातात पडली की कानांना दडा बसे, तळहातांना इतका घाम येई की उत्तरपत्रिकेचा कागद फुगून येई, आणि तिसरी ओळ लिहून झाली की चौथी कोणती ते आठवत नसे. घरात याला नाव नव्हतं. आमच्या घरच्या जुन्या मराठीत ‘ताण’ हा शब्द कपड्याच्या दोरीपुरता होता. ‘टेन्शन’ होतं, पण ते वडील माणसांसाठी राखून ठेवलेलं.

पोंगलच्या आधीच्या एकादशीला काकांनी सगळ्यांना देवासमोर बसवलं. काका म्हणजे अप्पांचे, माझ्या वडिलांचे, थोरले भाऊ. कोर्टातली कारकुनी करून निवृत्त झालेले, आणि अजूनही प्रत्येक वाक्याला शिक्का मारल्यासारखे बोलणारे.

“नुसतं अभ्यास कर म्हटल्यानं भागत नाही,” ते म्हणाले. “घरानंही काही सोडलं पाहिजे.”

आईनं कॉफी सोडली. ती रोज पहाटे फिल्टरखाली भांडं लावून त्याच्यासमोर उभी राहत असे, देवासमोर राही त्याहून जास्त वेळ. अप्पांनी पान सोडलं. ते तिरुभुवनमला विणकरांच्या सोसायटीत साड्या तपासत. दिवसभर रेशीम उजेडाकडे धरून चुकलेला धागा शोधायचा. डाग पडेल म्हणून तिथं तोंडात पान चालत नसे. त्यामुळे संध्याकाळी घरी येऊन लावलेला विडा हेच त्यांचं दिवसाचं सुख होतं. काकांनी गोड सोडलं. ते सोडायला डॉक्टरांनी त्यांना आदल्या वर्षीच सांगितलं होतं.

अप्पांनी तळहातावर पाणी घेतलं. “हिची परीक्षा होईपर्यंत...”

काकांनी त्यांचा हात धरला. “परीक्षा होईपर्यंत काय? परीक्षा होणारच आहे. सरकार घेतं आहे. पास होईपर्यंत म्हण.”

“दादा, मार्चमध्ये पेपर संपले की...”

“तुझा पोरीवर भरवसा नाही?”

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी देवाकडे बघितलं. पाणी बोटांतून गळायला लागलं होतं, त्यामुळे विचाराला फार वेळ नव्हता. “पास होईपर्यंत,” अप्पा म्हणाले आणि ताम्हनात पाणी सोडलं. मला काहीच सोडायला सांगितलं नाही. मला नुसतं पास व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आईचं डोकं दुखायला लागलं. पहिले तीन दिवस ती ओला पंचा कपाळाला बांधून वावरली, मग दुखणं थोडं उतरलं आणि त्याच्या जोडीला राग आला. दूधवाला, कढीपत्ता, शेजारच्या मामींचा रेडिओ, कशावरही ती ओरडे. माझ्यावर मात्र नाही. अप्पा संध्याकाळी व्हरांड्यात बसून रिकामा जबडा हलवत. मी वहीतून मान वर केली की दोघांपैकी एक जण माझ्याकडे बघत असे, आणि मी बघितलं की चटकन नजर वळवत असे. कोणी मला एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर उलट उत्तर तरी देता आलं असतं.

संध्याकाळी मी टाउन बसनं दारासुरमला ट्यूशनला जाई. सर सकाळी माग चालवत आणि संध्याकाळी ओसरीवर गणित शिकवत. तेव्हा आत त्यांची बायको मागावर बसलेली असे. त्या आवाजात मला गणित सुटे. धोटा इकडून तिकडे गेला की एक ओळ, परत आला की दुसरी. कानांना दडा बसत नसे, हात कोरडे राहत. मला वाटलं, सापडला उपाय. परीक्षेच्या वर्गात माग नसतो हे मला तेव्हाही माहीत होतं, पण त्याचा विचार मी मार्चवर ढकलला.

मार्च आला. गणिताच्या पेपराला वर्गात पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. एकेका गुणाचे पर्याय मी कसेबसे निवडले. मग मॅट्रिक्सचं एक लांब गणित अर्ध्यावर आलं आणि मनात आलं, हे चुकलं तर आई अजून किती दिवस कॉफीऐवजी तांदळाची गंजी पिणार? हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता, आणि त्यानंतर जे अभ्यासक्रमात होते तेही गेले. पाच गुणांचे सात प्रश्न सोडवायचे होते. मी दोन सोडवले, आणि तिसरा प्रश्न स्वच्छ अक्षरात उत्तरपत्रिकेत उतरवून काढला. उरलेला दीड तास मी त्या सुबक अक्षराकडे बघत बसले.

फाटकाबाहेर अप्पा स्कूटर घेऊन उभे होते. इतर मुलींचे आईबाप प्रश्नपत्रिका हिसकावून घेऊन हिशेब मांडत होते. अप्पांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, थोडा वेळ, आणि म्हणाले, “पाणी पितेस?”

“नको.”

“बैस.”

पेपर संपले, निकाल मेमध्ये. मधले दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येत नाही, कारण त्यांत काही घडलंच नाही. सगळ्यांना वाटत होतं की माझी परीक्षा संपली. आई रोज सकाळी पितळेच्या पेल्यातून गंजी प्यायची आणि मी समोर बसून बघायची. सांगून टाकलं तर तिला आजच कळेल की हे जुलैच्या पुरवणी परीक्षेपर्यंत चालणार; नाही सांगितलं तर निदान मेपर्यंत ती मेची वाट बघेल. यातलं दयाळू कोणतं आणि भित्रं कोणतं, हे मी रोज ठरवायला घेई आणि रोज उद्यावर टाकी. जेवण जात नसे. केस गळायला लागले, ते मी कागदात गुंडाळून परसात टाकत असे, आईला न्हाणीत दिसू नयेत म्हणून.

शेजारच्या मामी एकदा खिडकीतून तमिळमध्ये म्हणाल्या, “परीक्षा झाली ना हिची? मग अजून कसला उपवास? ये, अर्धा पेला घे.”

“पास झाली की घेईन, मामी.”

“ती होईलच ग. इतकी हुशार पोर.”

“म्हणून तर,” आई म्हणाली. मी आत गेले.

निकाल सकाळी फोनवर येतो. आमच्या घरी तो अप्पांच्या फोनवर आला, आणि वाचायला काकांनी घेतला, कारण मोठ्यांदा वाचणं हे त्यांचं खातं होतं. चष्मा लावून, घसा साफ करून त्यांनी एकेक विषय वाचला. तमिळ, एक्याण्णव. इंग्रजी, चौऱ्याहत्तर. प्रत्येक आकड्यानंतर ते थांबून सगळ्यांकडे बघत. गणिताला ते थांबले, पण बघितलं नाही कोणाकडे.

“बावीस,” ते म्हणाले.

त्यांनी फोन पालथा ठेवला. मग आईच्या तोंडून निघालं, “म्हणजे आता पुरवणी होईपर्यंत?”

तिला तसं म्हणायचं नव्हतं. ते तिच्या तोंडावर मला लगेच दिसलं. तिनं पदर तोंडाला लावला. पण चार महिने रोज डोकं दुखलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार? मी उठले आणि न्हाणीत जाऊन आतून कडी लावली. मला रडायचंही नव्हतं. जिथं कोणी माझ्याकडे बघणार नाही अशी घरात ती एकच जागा होती.

दार पाच मिनिटांत वाजायला लागलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी इथल्या वर्तमानपत्रांत कसल्या बातम्या येतात ते सगळ्यांना माहीत असतं. मी दार उघडलं तेव्हा अप्पा समोर उभे होते, आणि त्यांच्या हातात पेचकस होता. मी बाहेर आल्यावर ते काही न बोलता आत गेले आणि कडीचे चारही स्क्रू काढायला बसले.

“अप्पा, मी तसलं काही करणार नव्हते.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मला माहीत आहे. माझ्या हातांना नाही.” पेचकस दोनदा खाचेतून निसटला; तिसरा स्क्रू मलाच काढावा लागला. तो काढताना ते हळूच म्हणाले, “मला त्या दिवशी फाटकापाशीच कळलं होतं. रोज चुकलेला धागा शोधतो मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू का बोलली नाहीस?”

यावर दोघांकडेही उत्तर एकच होतं, आणि ते स्वयंपाकघरात होतं. दोन महिने आम्ही दोघांनी, एकमेकांना न सांगता, आईपासून तेच लपवून तिला वाचवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कॉफीच्या वासानं जाग आली. मला वाटलं मामींच्या खिडकीतून येतो आहे. आई चुलीपाशी बसून पीत होती, डोळे मिटून. काका दारात उभे होते, आणि त्यांची पाठ नेहमीपेक्षा ताठ होती.

“संकल्प मोडलास.”

“हो.”

“आपल्या घराण्यात तीनशे वर्षांत...”

“तीनशे वर्षांमागे कॉफी कोठे होती, भावजी?” आई म्हणाली. त्यांच्याकडे सरळ बघून ती उत्तर देते आहे असं मी प्रथमच बघत होते. “चार महिने माझं डोकं दुखलं. त्यानं हिचं गणित किती सुधारलं, ते सांगा.”

“फळ असं लगेच दिसत नसतं.”

“मग दिसेल तेव्हा दिसो. पाप लागलं तर मला लागो. पोरीच्या मानेवर माझा पेला नको.” आणि मला, “ये, बैस. तोंड धुऊन ये आधी.”

मला बरं वाटलं असं म्हणवत नाही. ती कॉफी मी प्यायले आणि सगळा वेळ तिच्याकडे बघायचं टाळलं. पण त्या दुपारी तीन तास झोप लागली, सलग, जानेवारीनंतर प्रथमच. अप्पांनी मात्र पान पुन्हा सुरू केलं नाही. विचारलं तर म्हणाले, “दात बरे झालेत.” काकांचा संकल्प अर्थातच अभंग राहिला.

मैत्रिणी कॉलेजांचे अर्ज भरत होत्या तेव्हा मी पुन्हा दारासुरमच्या बसमध्ये बसले. सरांनी बावीसचा आकडा ऐकला, पुस्तक उघडलं आणि पेन्सिलीनं अनुक्रमणिकेवर रेघा मारायला लागले.

“तुला गणित येणार नाही,” ते म्हणाले. वाईट वाटून घ्यावं असा त्यांचा सूर नव्हता. धागा कच्चा आहे म्हणावं तसं ते म्हणाले. “येईल असं वाटून घ्यायला आता वेळ नाही. पास होता येईल. हे पाच धडे कर. कॅल्क्युलस सोड.”

“सगळा?”

“सगळा. तुमच्या घरात सोडायची सवय आहे ना?”

आत माग थांबला. त्यांची बायको हसत होती. मग मीही हसले, आणि मला इतकं रडू आलं की सरांनी पुढच्या मुलाचं गणित आधी घेतलं.

ते पाच धडे मी वीस दिवस केले. कंटाळवाणं काम होतं. रोज तीच गणितं, आकडे बदलून, आणि मुद्दाम घरी, दार लावून, शांततेत. चौथी ओळ आठवली नाही तर तिथंच सोडून पुढचं गणित घ्यायचं, परत यायचं नाही, ही सरांची एकच अट होती. पुरवणी परीक्षेचा दिवस आला तेव्हा घरात पूजा नव्हती. आईनं दहीभात दिला, अप्पांनी फाटकाशी सोडलं आणि कामावर गेले. वर्गात बहुतेक अनोळखी मुलं होती. कोणीच कोणाकडे बघत नव्हतं. कानांना दडा बसला, हात भिजले. काहीच बरं झालेलं नव्हतं. मी हाताखाली रुमाल घेतला आणि पहिलं गणित लिहायला घेतलं. चार ठिकाणी चौथी ओळ आठवली नाही. चारही सोडून दिली.

निकाल लागला त्या सकाळी अप्पांनी फोन सरळ माझ्या हातात दिला. मी पास झाले होते. काकांनी देवासमोर समई लावली आणि घराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की संकल्प शेवटी फळाला आला. गणितात एक्केचाळीस होते; पास व्हायला पस्तीस लागतात. त्यांतले दहा गुण शाळेकडून येतात, आणि हजेरीपटावर नाव असलेल्या प्रत्येकाला मिळतात.