माकडहाड

सिस्टरांच्या शाळेत दहावीचं विज्ञान मिळालं त्या दिवशी समिनानं घरी शीरखुर्मा केला. ईद नव्हती. पाचवी-सहावीच्या वर्गांवर बरीच वर्षं काढल्यावर तिच्या प्राणिशास्त्राच्या पदवीला पहिल्यांदाच काम मिळालं होतं. नवरा साजिद गॅरेजमधून आला, दोन वाट्या संपवल्या आणि म्हणाला, "पगार वाढला का?" वाढला नव्हता.

नांदूरघाट रस्त्यावरच्या या शाळेबद्दल गावात समज होता, की नन लोक उत्क्रांतीचा धडा शिकवू देत नसतील. मुख्याध्यापिका सिस्टर बबितांनी समिनाला उलटंच बजावलं होतं. "धडा गाळायचा नाही. माणूस कसा घडला ते तुम्ही वर्गात सांगा. कोणी घडवला ते मी प्रार्थनेत सांगते. आपल्या दोघींचं भांडण नाही."

समिनानं धडा मन लावून शिकवला. शरीरात उरलेल्या, काम संपलेल्या अवयवांपाशी आल्यावर 'टेलबोन' म्हटलं तर वर्ग कोरा. मग तिनं मराठीत सांगितलं, माकडहाड. मागच्या बाकावरून गहिनीनाथ ओरडला, "मॅडम, माकडाचं हाड आपल्यात कावून हाय?" वर्ग हसला, तीही हसली. म्हणाली, "शेपूट गेलं, हाड राहिलं. आता ते निरुपयोगी."

पुस्तकात तसंच होतं.

त्याच आठवड्यात तिची सासू रहेमतबी न्हाणीत साबणावरून घसरली. डॉक्टर म्हणाले, "माकडहाडाला मार बसलाय. कुशीवरच झोपायचं." जेवायला बसता यावं म्हणून साजिदनं स्कूटरची ट्यूब अर्धवट फुगवून आणली.

गल्लीतल्या फळवाल्याचा इरशाद समिनाच्याच वर्गात होता. धडा त्याच्या घरी पोचला, तिथून सगळ्या गल्लीत. बघायला आलेल्या बायका समिनानंच केलेला चहा पीत म्हणाल्या, "खाला, बहू जिस हड्डी को बेकार बोली, वोच टूटी देखो!" आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

रहेमतबी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. समिना गरम पाण्याच्या पिशवीनं शेकत होती, तेव्हा भिंतीकडं तोंड करून ती म्हणाली, "वो हड्डी बेकार हाय बोल के बोली तू?"

"किताब में है, अम्मी."

"मिट्टी में सब गल जाता, बेटा. वोच एक हड्डी रहती. कयामत के दिन उसीसे अल्ला मेरे को खडा करने वाला. बेकार हाय तो मैं उठूंगी कायसे?"

लहानपणी अरबी शिकायला जायची तेव्हा समिनानंही हेच ऐकलं होतं. कॉलेजात दुसरं ऐकलं. दोन्ही तिच्या डोक्यात आजवर एकमेकांना धक्का न लावता राहत होती. आता हाताखाली म्हातारीची कंबर होती.

"उठोगे, अम्मी," ती म्हणाली.

"फिर वो सबक नको पढा."

समिनानं सिस्टरांना सांगितलं, दहावी सोडावी लागेल. सिस्टर म्हणाल्या, "कुणी तक्रार केली? पालकसभा घेते. मी समजावते सगळ्यांना."

"सिस्टर, पालक नाहीत. सासू आहे."

मग सिस्टर घरीच आल्या, डाळिंबं घेऊन. पलंगाशेजारी खुर्ची ओढून रहेमतबीचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "आमच्यातही मेलेले उठणार आहेत, अम्मी. मी रोज तसं म्हणते. तरी शाळेत हा धडा असतोच. त्यानं माझा विश्वास कमी नाही झाला."

रहेमतबीचा चेहरा उजळला. "देखो! सिस्टर को भी मालूम हाय. मेरी बहूकोच नै मालूम."

"पण अम्मी, मुलांना धडा शिकवायलाच पाहिजे."

"पढाव ना. मैं कब मना करी? मेरी बहू नको."

सिस्टरांनी समिनाकडं पाहिलं. देवाबद्दल कुणी वाद घातला असता तर त्यांच्याकडं उत्तर होतं. इथं वाद नव्हताच. दारातून साजिद म्हणाला, "पाचवी घे ना. पगार तर तोच आहे. आईच्या जिवाला घोर कशाला?"

डाळिंबं सोलायला समिना आत गेली. बाहेर आली तेव्हा सिस्टर चपला घालत होत्या. समिना फाटकापर्यंत सोबत गेली.

"तुम्ही दहावी नको म्हणा, मी ऐकते," सिस्टर म्हणाल्या. "पण तुमच्या तोंडून ऐकू द्या."

नको हा शब्द समिनाला उच्चारता आला नाही. "घरी जमत नाही," ती म्हणाली. सिस्टरांनी मान हलवली.

सोमवारी दहावी प्रवीण सरांकडं गेली. स्टाफरूममध्ये खडू घेता घेता त्यांनी विचारलं, "मॅडम, तो माकडाचा धडा कुठवर आणलाय?"

"अर्धा राहिलाय."

"मग राहू दे. घरी वाचून घ्या म्हणतो पोरांना. आमच्या मारुतीच्या पारावरही उगाच चर्चा नको." ते हसले. "सिस्टरांना सांगू नका बरं का!"

घंटा झाली. समिनानं पाचवीचं हजेरीपुस्तक उचललं. काहीतरी म्हणायला हवं होतं. पण कुठल्या तोंडानं म्हणणार?